शंभरी हुकली तो गुरुवार

"एक मिनिट," शिरगुप्पे सर मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले आणि त्यांनी डावा हात वर केला. वर्गात मुलांना गप्प करायला करतात तसा. आक्काताई स्टाफरूमच्या दारातच थांबल्या. त्यांच्या हातात फडकं होतं आणि पदराला धूळ लागली होती.

"सर, लायब्ररीतला त्यो मागचा रॅक कललाय," तरीही त्या बोलल्याच. "पोरी त्येच्याच बुडाला बसत्यात वाचायला. कुणीतरी येऊन बगा की."

"सांगितलं ना, एक मिनिट."

त्या मिनिटात शिरगुप्पे सर अठराव्या शतकात होते. प्लासी, पानिपत, बक्सार जागच्या जागी बसले होते आणि सालबाईचा तहही खाली सरकला होता. आता खर्ड्याची लढाई आधी की श्रीरंगपट्टणचा पाडाव आधी, एवढंच उरलं होतं. आम्ही सात-आठ जण त्यांच्या खुर्चीभोवती उभे होतो आणि आमच्यातला कुणीही रॅक बघायला जाणार नव्हता, कारण त्या दिवशी सरांची शंभरी होती.

हा खेळ कुणी आणला ते आता आठवत नाही. 'आधी-नंतर' असं त्याचं नाव. रोज सकाळी मोबाइलवर इतिहासातल्या सहा घटना यायच्या, उलटसुलट. त्या बोटाने वरखाली सरकवायच्या, सगळ्यात जुनी वर, सगळ्यात नवी खाली, आणि मग बटण दाबायचं. प्रत्येकाला दिवसाला एकच संधी. सगळ्या बरोबर आल्या तर तुमच्या माळेत एक दिवस वाढायचा. एक जरी चुकली तरी माळ तुटायची आणि उद्या पुन्हा एकपासून सुरुवात. अकराच्या सुट्टीत आमची अख्खी स्टाफरूम हेच करत बसायची. ज्यांचा अभ्यासक्रम परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत संपत नसे, ते सोळा प्राध्यापक सहा घटनांसाठी एकमेकांच्या खांद्यावरून माना लांब करून बघत. निकाल टाकायला 'कालपुरुष' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुपही काढला होता. त्यात प्राचार्य जगदाळे सर होते आणि ऑफिसचे भाऊसाहेबही होते. प्राचार्यांची उत्तरं भाऊसाहेब त्यांच्या केबिनमध्ये बसून सांगतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिरगुप्पे सर पदार्थविज्ञान शिकवत. इतिहासाचं एकही पुस्तक त्यांनी कधी उघडलेलं नव्हतं. त्यांनी सनावळीचा एक तक्ता छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता आणि रोज सकाळी कपाट उघडं ठेवून त्याच्यापुढे दोन मिनिटं उभे राहत. पूजा करतात असं शिपायाला वाटायचं. त्या तक्त्याच्या जोरावर त्यांची माळ नव्याण्णवपर्यंत गेली होती. मी इतिहास विभागप्रमुख, माझी माळ एकतिसाच्या पुढे कधी गेली नाही. "मॅडम, इतिहास तुमचा, माळ आमची," असं ते दर दोन दिवसांनी म्हणायचे आणि मी हसायचे. मला ते आवडत नव्हतं. इतिहास म्हणजे कुठलं वरती आणि कुठलं खालती एवढंच असतं, असं समजणाऱ्या माणसाकडून रोज हरणं कुणाला आवडेल?

तर त्या गुरुवारी आक्काताई दारातून हलल्या नाहीत. त्यांनी आणखी एकदा "सर" म्हटलं. शिरगुप्पे सरांचा अंगठा सुटला, श्रीरंगपट्टण खर्ड्याच्या वर जाऊन बसलं आणि पुन्हा न बघता त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दोन ओळी लाल झाल्या.

कुणीतरी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. आक्काताईंनी हळूच विचारलं, काय झालं, कुणाचं काय कळलं का? मराठीच्या मॅडमनी त्यांना समजावून सांगितलं की सरांची शंभरी हुकली. "व्हय का," आक्काताई म्हणाल्या. "वाईट झालं. रॅकचं तेवढं बगा हां." आणि त्या गेल्या.

पाच मिनिटांत ग्रुपवर सरांचा संदेश आला. 'आक्काताईंच्या कललेल्या रॅकपायी माझी शंभरी हुकली. रॅक पडायच्या आधी मीच पडलो.' त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे येत गेले. प्राचार्यांनी केबिनमधून लिहिलं, 'रॅकलाच मेमो देऊ.' त्यावर आणखी चेहरे. त्यातले तीन माझे होते.

रॅक पडला सोमवारी, दुपारी सव्वाबाराला.

तो जुना लोखंडी रॅक होता. त्यात वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते, तीस-पस्तीस वर्षांचे. एक पाय गंजून गेला होता. खाली स्नेहल डुबल नावाची माझीच विद्यार्थिनी बसली होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. पहिल्यांदा धावल्या त्या आक्काताईच. त्यांनी एकटीने एका बाजूने रॅक उचलून धरला म्हणून मुलांना तिला बाहेर ओढता आलं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्या दोन्ही तळहातांना पत्र्याने कापलं होतं आणि त्या मुलीच्या डोक्याशी बसून तिला पाणी पाजत होत्या.

मुलगी दवाखान्यात गेली. तिचे वडील संध्याकाळी गावच्या सरपंचाला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. संस्थेच्या अध्यक्षांनी प्राचार्यांना फोन करून विचारलं की याला जबाबदार कोण. खरं म्हणजे आमच्या कॉलेजला सहा वर्षं ग्रंथपालच नव्हता. जागा रिकामी होती आणि कागदावर ग्रंथालयाचा कार्यभार प्राचार्यांकडे होता. प्रत्यक्षात सगळं आक्काताई बघायच्या. पुस्तकं लावणं, काढणं, देणं, घेणं, पेपर बांधणं, सगळं. त्यांचे मालक आमच्याकडेच शिपाई होते; ते वारले आणि त्यांच्या जागी या लागल्या. पद होतं परिचर. घरात आजारी सासू आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी, आणि कमावणारं माणूस हे एकच.

जबाबदार माणूस शोधायला प्राचार्यांना फार लांब जावं लागलं नाही.

इथे आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र, प्रत्येक मेमो जावक रजिस्टरमध्ये नोंदवायचा आणि त्याला नंबर पडायचा. नंबर ओळीने, तारखा ओळीने, त्यामुळे मागच्या तारखेचं पत्र मागाहून घुसवता येऊ नये, अशी सोय. आमचे भाऊसाहेब त्यावर मात करून होते. ते दर आठवड्याला दोन-तीन नंबर रिकामे सोडत. ओळ कोरी, पुढचा नंबर खालच्या ओळीवर. कधी विद्यापीठाला वेळेत पाठवायचं पत्र राहून गेलं, कधी कुणाची रजा जुन्या तारखेने मंजूर करायची झाली, की त्या कोऱ्या ओळी कामाला यायच्या. आम्ही सगळ्यांनी त्या ओळी कधी ना कधी वापरल्या होत्या. मीही एकदा वापरली होती, एका चर्चासत्राच्या परवानगीसाठी. भाऊसाहेबांना त्याचा अभिमान होता. "आपल्या रजिस्टरमध्ये काळ थांबून राहतो मॅडम," असं ते म्हणायचे.

मंगळवारी सकाळी त्यातली एक कोरी ओळ भरली गेली. आदल्या आठवड्यातला बुधवार. ग्रंथालय परिचर यांना मेमो, की मागील बाजूचा रॅक धोकादायक असून तो तातडीने रिकामा करावा, अन्यथा होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. भाऊसाहेबांनी आक्काताईंना ऑफिसात बोलावून त्याच्या पोचेवर सही घेतली. हा कागद तुमच्याच भल्यासाठी आहे, स्नेहलच्या औषधपाण्याची भरपाई मिळवायला लागतो, असं त्यांना सांगितलं. त्यांच्या हातांना पट्ट्या होत्या. त्यांनी तशाच हाताने सही केली आणि तारीख घातली नाही. ती भाऊसाहेबांनी नंतर घातली.

मग चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष शिरगुप्पे सर, कारण ते सगळ्यांत ज्येष्ठ. लिहून घ्यायला भाऊसाहेब. आणि एक तरी बाई हवी म्हणून मी. "थोरवत मॅडम, तुम्ही इतिहासाच्या," प्राचार्य मला केबिनमध्ये म्हणाले, "तुम्हाला काय, घटनाक्रम लावायचाय फक्त." त्यांच्या टेबलावर माझी पदोन्नतीची फाइल पडलेली होती, त्यांच्या सहीसाठी, दीड महिन्यापासून. ती त्यांनी बोलता बोलता जराशी डावीकडे सरकवली, कप ठेवायला जागा करावी तशी.

चौकशी शुक्रवारी झाली, ऑफिसच्या मागच्या खोलीत. आक्काताईंना खुर्ची दिली होती, पण त्या टोकावर बसल्या होत्या. शिरगुप्पे सरांनी आवाज एकदम न्यायाधीशाचा लावला. मेमो मिळाला होता का? सही आपली आहे का? मग रॅक रिकामा का केला नाही? आक्काताई म्हणाल्या की सही माझीच, पण ती मंगळवारची, रॅक पडल्यावरची. भाऊसाहेबांनी रजिस्टर पुढे केलं. बुधवारची तारीख, त्याच्या आधीचा नंबर, त्याच्या नंतरचा नंबर, सगळं ओळीने. शाईसुद्धा त्यांनी तीच वापरली होती. या बाबतीत माणूस फार काटेकोर.

आक्काताईंनी ते पान नीट वाचलं. मग त्या म्हणाल्या, "मी सोता येऊन सांगितलं हुतं. रॅक कललाय म्हनून. तुमी समदी हुता तितं."

"कुठे?"

"वर. स्टाफरूमात."

"कोणत्या तारखेला?"

"तारीख न्हाई ध्येनात."

"वार?"

त्या विचार करत राहिल्या. त्यांना वार आठवेना. शिरगुप्पे सर मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर रोज बटण दाबण्याआधी येतं तसं समाधान आलं होतं.

"सांगितलंत म्हणता, आणि वारही आठवत नाही. तुमच्या आठवणीवर समितीने कसा विश्वास ठेवायचा?"

"सर," आक्काताई अगदी साधेपणाने म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमची शंभरी हुकली, त्या दिवशी."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. बाहेर टाइपरायटरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. शिरगुप्पे सरांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी टेबलावरच्या काचेखालचं संस्थेचं कॅलेंडर वाचत होते.

"हे लिहू नका," सर भाऊसाहेबांना म्हणाले. "विषयाला सोडून आहे."

नव्याण्णव दिवस ज्या माणसाने सहा घटनांचा क्रम डोळे झाकून लावला होता, त्याला आठवड्यापूर्वीच्या दोन घटनांतली आधीची कोणती ते सांगता येत नव्हतं. तेव्हाही मला हे सुचलं होतं आणि मनातल्या मनात मी त्याला हसलेही होते.

त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली. शिपाई रजेवर होता. त्यामुळे ज्यांची चौकशी चालली होती त्याच उठल्या, हातांच्या पट्ट्यांसकट चहा करायला गेल्या आणि ट्रे घेऊन आल्या. शिरगुप्पे सरांना बिनसाखरेचा. भाऊसाहेबांना गोड, कपाच्या काठापर्यंत. मला आलं घातलेला, अर्धाच चमचा साखर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आक्काताईंच्या आठवणीवर विश्वास ठेवता येत नाही असं आत्ताच म्हणालेले सर तो चहा मिटक्या मारत प्याले. माझा कप ठेवून आक्काताई दाराशी गेल्या आणि वळल्या.

"अजून काय लागंल?" त्यांनी विचारलं. विचारताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काही नको," मी म्हटलं.

अहवाल सकाळीच टाइप होऊन तयार होता. त्यात पाच ओळींचा घटनाक्रम होता: बुधवारी मेमो, बुधवारीच पोच, त्यानंतर कोणतीही कार्यवाही नाही, तोंडी वा लेखी तक्रार नाही, सोमवारी अपघात. निष्कर्ष, परिचरांचा गंभीर हलगर्जीपणा. सरांनी सही केली, भाऊसाहेबांनी केली आणि मी केली. पुढच्या पंधरवड्यात आक्काताईंची नोकरी गेली.

यापुढचा भाग मी गेली आठ वर्षं एका ठरावीक पद्धतीने सांगत आलेय.

मी सांगते की सही करताना मन खात होतं, पण हातात पुरावा नव्हता. मग एके सकाळी, सही करून तीन-चार दिवस झाल्यावर, मोबाइलमध्ये कसला तरी फोटो शोधताना मला तो संदेश सापडला. गुरुवार, अकरा वाजून चौदा मिनिटं, 'आक्काताईंच्या कललेल्या रॅकपायी'. खाली प्राचार्यांचं 'रॅकलाच मेमो देऊ'. म्हणजे गुरुवारी सगळ्यांना रॅक कललाय हे ठाऊक होतं आणि गुरुवारपर्यंत मेमो असा काही नव्हताच. कागदावरचा अख्खा क्रम खोटा होता आणि त्याचा पुरावा अठरा मोबाइलमध्ये हसऱ्या चेहऱ्यांसकट पडून होता.

मग मी काय केलं, तर त्याच सकाळी अकराला 'कालपुरुष'वर एक कोडं घातलं. हे मी अजूनही शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकते. 'आजच्या घटना, क्रम लावा. सरांची शंभरी हुकणे. रॅक पडणे. मेमो लिहिला जाणे. मेमोवर तारीख पडणे. परिचराने तक्रार करणे. परिचराने तक्रार न करणे.' आणि खाली सरांचा तो जुना संदेश पुन्हा चिकटवला.

पंधरा मिनिटांत सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. एकानेही क्रम लावला नाही. अकरा वीसला शिरगुप्पे सर ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग प्राचार्य, भाऊसाहेब आणि मग एकेक करून सगळे. शेवटी त्या ग्रुपवर मी एकटी उरले. संध्याकाळी 'कालपुरुष २' निघाला आणि त्यात मला घेतलं नव्हतं.

मुलांपर्यंत ही गोष्ट कशी गेली कोण जाणे, पण गेली. मी 'कोडंवाल्या मॅडम' झाले. दरवर्षी नवीन मुलं येत, त्यांना जुनी सांगत की या मॅडमनी सगळ्यांच्या तोंडावर कोडं मारलं. मीही नाही म्हटलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात दोन माजी विद्यार्थी त्यावर बोलले आणि शिरगुप्पे सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तो संदेश संस्थेच्या अध्यक्षांकडे का नेऊन दिला नाहीत, असं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लोकांना कोडं एवढं आवडतं की त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

गेल्या जानेवारीत आमच्याच गावातल्या एका अभ्यासिकेने मला बोलावलं. स्पर्धा परीक्षेची चाळीसेक मुलं, पत्र्याचा हॉल, भिंतीला नकाशे. विषय होता, इतिहास कसा वाचावा. मी नेहमीचंच भाषण केलं. नावं गाळून गुरुवारची गोष्ट सांगितली, रॅक, मेमो, चौकशी, सही, मग सापडलेला संदेश, मग कोडं. शेवटी माझं ठरलेलं वाक्य: "मुलांनो, आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं हे लिहिणं ज्याच्या हातात असतं, न्यायही त्याच्याच हातात असतो." या वाक्यावर टाळ्या पडतात. तिथेही पडल्या. मुलं वहीत लिहून घेत होती.

मुलं उठून आपापल्या टेबलांकडे गेली. मी खुर्चीत बसून पाणी पीत होते, तेवढ्यात मागच्या बाजूने एक बाई कप घेऊन आल्या. केस पूर्ण पांढरे झालेले. मी चेहऱ्याआधी हात ओळखले. दोन्ही तळहातांवर आडवे वण होते.

मी उठायला गेले. त्यांनी मला बसा म्हणून खुणावलं. त्या इथेच कामाला होत्या, पाच वर्षं झाली होती. पेपर लावायच्या, हॉल झाडायच्या, मुलांना दुपारी चहा द्यायच्या. सासू गेली होती. मुलगी मिरजेला दवाखान्यात लागली होती. मी विचारलं तेवढं त्यांनी सांगितलं, जास्त नाही.

"चांगलं सांगितलंसा," मग त्या म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत?"

"मागं हुते की. पेपर लावत हुते." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला आणि बशी नीट सरळ केली. "एक तेवढं मागंपुढं झालंय मॅडम."

"काय?"

"मोबाइल आधी हुता. सही मागनं."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"त्या दिवशी च्या घेऊन मीच आले न्हाई का. तुमच्या हातात मोबाइल हुता, टेबलाच्या खाली. सरांचं ते शंभरीचं हुतं आन् हसरी तोंडं. माझं नाव दिसलं म्हनून वाचलं मी." त्यांचा आवाज बिलकूल चढला नव्हता. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक काढून देताना त्या मुलांशी बोलायच्या, तशाच बोलत होत्या. "मला वाटलं, आता मॅडम बोलत्यात. म्हनून दारात थांबले हुते."

आठ वर्षं मी ते 'अजून काय लागंल' साखरेबद्दल होतं असं स्वतःला समजावत आले होते.

खरं तेच होतं, जे त्या म्हणाल्या. शंभरीचं नाव निघालं तेव्हाच मला संदेश आठवला होता. सर चहा यायची वाट बघत होते तोवर मी टेबलाखाली मोबाइल उघडला, बोट वर सरकवत गुरुवारपर्यंत गेले आणि तो संदेश वाचला. दोनदा वाचला. प्राचार्यांचं 'रॅकलाच मेमो देऊ' वाचून मला हसू आलं, कारण ते खरंच विनोदी होतं. मग मी मोबाइल पर्समध्ये ठेवला, अर्धा चमचा साखरेचा चहा प्याले आणि सही केली. शनिवारी माझी पदोन्नतीची फाइल प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाकडे गेली. भाऊसाहेबांनी जावक नंबर मला फोन करून कळवला. आणि सोमवारी, ती फाइल परत येणार नाही याची खात्री झाल्यावर, मी कोडं घातलं. त्या कोड्यात सहा घटना होत्या. माझी सही त्यात नव्हती. शिरगुप्पे सरांना मी आयुष्यभर हसत आले, पण त्यांची कोरी ओळ निदान दुसऱ्याने भरलेली होती. माझी कोरी ओळ मीच ठेवली आणि मीच भरली, तीही अशा अक्षरात की भाऊसाहेबांनाही शंका आली नसती.

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" मी विचारलं. विचारल्यावर मला माझीच किळस आली.

"कुनाला सांगू? समितीलाच की." त्या जराशा हसल्या. "दोन वर्षं लई राग हुता तुमचा. सरांचा न्हाई येवढा. मंग कामं लागली मागं."

मुलं माना खाली घालून वाचत होती. काहींच्या पुढे माझं ते वाक्य वहीत अजून उघडं होतं. माइक टेबलावर होता, माझ्या हातापासून वीतभर. तो उचलून चाळीस मुलांना एवढंच सांगायचं होतं की एक घटना जागा चुकली आहे, ती वर घ्या. आक्काताईंनी माइककडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी कप उचलून तोंडाला लावला. आलं घातलेलं होतं. साखर अर्धाच चमचा.

"अजून काय लागंल, मॅडम?"

"काही नको," मी म्हटलं.